हातपट्टेवाले मधूकाका

मधूकाका सावे नमस्कार करतात तेव्हा समोरचा माणूस आधी केस नीट करतो. चूक त्याची नाही. काकांच्या उजव्या पंजाला कायम कॅमेरा बांधलेला असतो आणि हात छातीशी आले की लेन्स बरोबर समोरच्याच्या नाकावर येते. मग काका सांगतात, "फोटो नाय काढत, नमस्कार करतोय." तोवर समोरचा हसून बसलेला असतो.

कॅमेरा बांधलेला असतो तो चामड्याच्या रुंद पट्ट्याने. पट्ट्याचं एक टोक कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडीत अडकवलेलं, दुसरं बुडाला स्क्रूने आवळलेलं. मधल्या जागेत पंजा सरकवला की पट्टा हाताच्या पाठीवर बसतो आणि पाचही बोटं मोकळी सोडली तरी कॅमेरा पडत नाही. हा प्रयोग काका दिवसातून चार-पाच वेळा करून दाखवतात. पट्टा किती आवळायचा याचंही माप आहे, "एक बोट ढील." ते एक बोट आत घालून बघायचा आग्रह ते पाहुण्यांनाही करतात, आणि पाहुणे बिचारे घालतात.

गळ्यात कॅमेरा अडकवणाऱ्यांविषयी त्यांना मनापासून कीव येते. "मान देवानं डोकं धरायला दिलीय, सामान टांगायला नाय," हे त्यांचं वाक्य आमच्या चिंचणीत लहान पोरांनाही पाठ आहे. एकदा कोळगावला कुठल्याशा सरकारी कार्यक्रमात त्यांनी एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला गाठलं आणि मानेचे मणके या विषयावर समजावायला सुरुवात केली. समजावून झालं तेव्हा दीपप्रज्वलन उरकलं होतं, पाहुणे चहा घेत होते, आणि दोघांपैकी एकाकडेही फोटो नव्हता.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मोजमापाची इन्स्ट्रुमेंटं बसवायची कामं करतो. म्हणजे वस्तू नीट धरली आहे की नाही, हे बघण्याचाच मला पगार मिळतो. तरीही काकांना माझं ज्ञान अपुरं वाटतं. बोईसर स्टेशनजवळच्या चांभाराकडून त्यांनी माझ्या डब्यालाही हातपट्टा करून आणला. पहिल्याच दिवशी गेटवरच्या वॉचमनने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "साहब, हाथ में चोट लगी है क्या?" डबा आहे म्हटल्यावर त्याने तो उघडून बघितला. भाजी भोपळ्याची होती, त्यामुळे त्याचा संशय गेला.

लग्नात तर पट्ट्याचे हाल बघवत नाहीत, म्हणजे पट्टा सुखात असतो, हाल बाकीच्यांचे. काका पंगतीला बसतात तेसुद्धा कॅमेऱ्यासकट. एका म्हातारीने जेवायला डावा हात पाहून वाढायचं थांबवलं, तर म्हणाले, "उजवा कामावर हाय, आजी." एकदा नवरा-नवरी पाया पडली. काकांनी आशीर्वादाला हात डोक्यावर ठेवला आणि नवऱ्याच्या मुंडावळ्या कडीत अडकल्या. त्या सुटेपर्यंत नवरा वाकूनच होता. वधूपक्षाने त्याचे संस्कार वाखाणले.

एवढं सगळं गाव खपवून घेतं. पण काकांच्या दोन अटी आहेत आणि त्यांच्यापायी धंदा बसत चालला होता. लग्नाचे सगळे फोटो ते काढतात. वरातीचे मात्र समोरून फक्त पिंपळाच्या पारापासून किराणा दुकानापर्यंत. जेमतेम साठ पावलं. दुकान आलं की ते बाजूला होतात, आणि पुढे मंडपापर्यंत जे फोटो मिळतात ते वऱ्हाडाच्या कानांचे. दुसरी अट, त्या साठ पावलांत बेंजो पार्टीचं वाजवणं बंद. नाचणारी मंडळी हात वर करून तशीच उभी राहतात, मग चप्पल फरफटत चालतात, आणि दुकानाशी पुन्हा दणका सुरू होतो. बेंजोवाल्यांना वाटायचं तिथे कुणाचं जागृत स्थान आहे. त्यांतला एक तर जाताना छातीला हात लावायचा.

पण आता लोकांना वरात पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत लागते. बोईसरची पोरं ड्रोन घेऊन येतात, नवरदेवाच्या पुढे उलटं पळत शूटिंग करतात आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पाठवतात. या मोसमात काकांना एकही लग्न मिळालं नव्हतं. उरलं होतं ते माझ्या पुतण्याचं, निखिलचं. काका एक दिवस माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "हे पण गेलं तर कॅमेरा विकून टाकतो, दिनू. उगाच घरात ठेवून काय करायचं." त्यांनी हे हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं, म्हणून मला ते जास्त लागलं.

निखिलचं म्हणणंही साधं होतं. पूर्ण वरात समोरून मिळाली तर काका, नाहीतर बोईसरची पोरं. मी काकांना म्हटलं, तुमच्या अटी मान्य. निखिलला म्हटलं, पूर्ण वरात मिळेल. दोन्हीकडे हो म्हणून मोकळा झालो. कारखान्यात असं केलं असतं तर स्फोट झाला असता.

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा मी कुंदाकाकूंकडे गेलो. काकू म्हणजे काकांच्या मिसेस. गुडघे गेल्यापासून त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या असतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्यावर नजर ठेवतात. मी सगळं कबूल केलं. काकांची मान एवढी दुखते का, एखाद्या डॉक्टरला दाखवू या का, असंही विचारलं.

काकू वालाच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "ह्यांच्या मानेला काय पण झालं नाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, आम्ही विसरलो होतो. वरातीत फोटोवाल्याला उलटं चालावं लागतं. डोळा कॅमेऱ्यात, मागे गटार आहे की गाय आहे, कळत नाही. काकांच्या गळ्यात तेव्हा पट्टा असायचा. कॅमेरा डोळ्याला लावला की पट्टा मानेमागे सैल पडायचा, आणि तो काकूंच्या मुठीत असायचा. एक ओढ म्हणजे थांबा. डावीकडे ओढलं की डावीकडे, उजवीकडे ओढलं की उजवीकडे. बेंजो कितीही वाजू दे. चिंचणी, तारापूर, पार मासवणपर्यंत दोघांनी अशा वराती काढल्या. लोक चिडवायचे, सावेवहिनींनी नवऱ्याला दावं बांधलंय. काकू म्हणाल्या की त्या चिडवण्याचा त्यांना कधी राग आला नाही.

गुडघे गेल्यावर पहिल्या वरातीला काकूंच्या भावाने पट्टा धरला. काका दहा पावलं चालले आणि थांबले. घरी येऊन पट्टा कात्रीने कापला आणि दुसऱ्या दिवशी पालघरहून हा हातपट्टा घेऊन आले.

"ह्यात मागं धरायला कायच नाय ना," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हातात देववत नाय त्यांना. गावाला सांगतात मान दुखते."

साठ पावलांचं कोडंही त्यांच्या खुर्चीवरून आपोआप सुटलं. पारापासून दुकानापर्यंतचा रस्ता तिथून दिसतो. तेवढ्या अंतरात त्या ओट्यावरून हाक मारून सांगतात, पुढे काय आहे, कुठे वळायचं. बेंजो वाजला तर आवाज पोचत नाही. जागृत स्थान म्हणायचं तर तिथे एवढंच होतं, आणि ते माझ्यासमोर शेंगा सोलत होतं. मला हसायला यायला हवं होतं, पण आलं नाही.

त्या संध्याकाळी मी काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, मी धरू का मागून? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि तू फार जोरात चालतोस, असं सांगून विषय बदलला.

लग्नाच्या दिवशी वरात पाराशी आली. काका पुढे झाले, पट्ट्यात एक बोट घालून ढील बघितली आणि हात वर केला. बेंजो थांबला. त्या शांततेत काका उलटे चालू लागले आणि ओट्यावरून आवाज येत राहिला, "सरळ. सरळ या. स्कूटर हाय, जरा डावीकडे." निखिल घोड्यावरून माझ्याकडे बघत होता. माझं लक्ष दुकानाकडे होतं.

दुकान आलं. काकांनी कॅमेरा खाली घेतला आणि बाजूला झाले. बेंजोवाल्याने काठी उचलली. निखिलचा चेहरा उतरला, आणि त्याने मोबाइल काढला तो बोईसरच्या पोरांचा नंबर बघायलाच, अशी माझी खात्री झाली. काकांनीही ते पाहिलं. ते कॅमेऱ्यावरची धूळ पुसत उभे राहिले. धूळ नव्हती.

तेवढ्यात काकूंनी मला हाक मारली. ओट्याच्या कडेला हात टेकून त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांना उभं राहिलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"दिनू, ह्यांच्या शर्टाला मागून धर," त्या म्हणाल्या. "ओढू नको. नुसतं धर, त्यांना कळतं."

मग काकांना म्हणाल्या, "जावा पुढं. मी सांगितलंय त्याला."

काकांनी ओट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे पाठ केली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मी शर्ट धरला. घामाने ओला होता आणि पाठ लाकडासारखी ताठ होती. बेंजो सुरू झाला. पहिली काही पावलं ते अंदाज घेत चालले, प्रत्येक पाऊल टाकण्याआधी टाच जमिनीला लावून बघत होते. मी ओढलं नाही. वळण गेलं, रस्त्याखालची मोरी गेली, आणि हळूहळू पाठ सैल झाली. काका भराभरा चालायला लागले. गुडघ्यात वाकून खालून फोटो घेतले, निखिलला फेटा सरळ करायला लावला, नाचणाऱ्यांवर ओरडले. माझी नुसती धावपळ झाली.

मंडपाच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. डोळा कॅमेऱ्यातच ठेवून काकांनी मागे विचारलं, "कुंदे, डावीकडे काय हाय गं?"

मी शर्ट सोडला नाही.

"गटार हाय," मी म्हटलं. "उजवीकडे या."

ते उजवीकडे आले.