उंबऱ्याला जळकं ऑइल

बाहत्तरच्या दुष्काळात वळसंगला सासऱ्यांच्या शेतातला कडुलिंब वाळला. तो पाडून त्यांनी लेकीच्या नव्या घरासाठी चौकट करवून धाडली. सोलापुरातल्या माझ्या प्लॉटवर तेव्हा विटांपेक्षा वारुळंच जास्त होती. चौकट उतरवून घेताना दाक्षायणी म्हणाली, "अहो, या झाडाखाली मी लहानाची मोठी झाले. याला वाळवी लागली तर बघा..." (तिनं वाक्य अपुरं सोडलं. तिची पुरी वाक्यं मी विसरतो, अपुरी विसरत नाही.)

कडुलिंबाला वाळवी लागत नाही म्हणतात, पण त्या वारुळांसमोर भरवसा कुणी ठेवावा? मी कामाला लागलो. ऑफिसातले मानसिंग म्हणाले, "बिराजदार, जळकं ऑइल पाजा. वाळवी वासानंच पळते."

गॅरेजातून डबाभर आणलं. चौकट बसवायच्या आदल्या संध्याकाळी दाक्षायणी पाहुण्यांच्या स्वयंपाकात गुंतलेली पाहून मी ब्रश उचलला. वाळवी येते जमिनीतून, म्हणून उंबऱ्याला तर सढळ हातानं पाजलं. डब्यात थोडं उरलं. शेजारीच माझ्या नावाची लाकडी पाटी होती, पिवळ्याधमक अक्षरांची. तिलाही लावावं? छे! माझ्या नावावर असलं घाणेरडं ऑइल?

सकाळी चौकट नुसती चमकत होती. सासरे सिद्धप्पा खूश झाले. "जावईबापू, पालिश लई झ्याक मारलंय की!"

मी नम्रपणे हसलो. (पालिश नव्हे, एवढं तरी सांगायला हवं होतं.)

चौकट उभी राहिली, की आमच्यात घरच्यांनी उंबऱ्यावर कपाळ टेकायचं असतं. लहानपणापासून बघत आलोय. पण आदल्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त वाळवी होती. सासरे, सासूबाई आणि दाक्षायणीच्या निंगव्वामावशी डोळे मिटून एकदमच वाकले. उठले, तेव्हा सासऱ्यांच्या कपाळावरची पांढरीशुभ्र विभूती काळीकुट्ट झाली होती.

"अय्यो, तुमच्या कपाळाला काय लागलंय ओ?" सासूबाई म्हणाल्या.

"माज्या? आदी तुजं बग की!"

मावशी दोघांना हसत होत्या. मग त्यांनी घाम पुसायला पदर लावला आणि नवी इरकल कामातून गेली. आता सगळेच माझ्याकडे बघू लागले.

दाक्षायणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अप्पांच्या लाकडाचं हे काय केलंत?"

"वाळवी लागू नये म्हणून..." या वेळी वाक्य माझं अपुरं राहिलं. फार वाईट वाटलं मला. तिच्यासाठीच केलं होतं, पण अंगाला ऑइलचा वास मारत असताना ते सांगणार कसं?

सासऱ्यांनी बोट हुंगलं. "ऑइल व्हय?" मग लेकीला जवळ घेतलं. "रडू नगं. कपाळ काय, साबनानं धुतलं की झालं. वाळवी लागली तर काय धुनार हाईस? झाड तर गेलं, ही चौकट तरी ऱ्हाऊ दे."

दाक्षायणीनं डोळे पुसले. मग पदर खोचून वाकली आणि तिनं त्या उंबऱ्यावर कपाळ चांगलं दाबून टेकलं. उठून मला म्हणाली, "टेका आता तुम्हीही."

आम्ही सगळे तसल्याच तोंडांनी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, जेवलो.

चौकटीला वाळवी शिवली नाही. दोन पावसाळ्यांनंतर एकदा पोस्टमन दारात येऊन ओरडला, "हितं कोन ऱ्हातंय?" बाहेर जाऊन बघतो, तर वाळवी चौकटीला वळसा घालून भिंतीवरून वर चढली होती आणि तिनं माझी पाटी नावासकट फस्त केली होती.

मी तोंड उघडायच्या आत दाक्षायणीनं आतून उत्तर दिलं, "वळसंगच्या सिद्धप्पांची लेक!"