हरिण मेलं की उठायचं

एका जंगलात एक टीव्ही होता.

हसू नका. तुमच्या घरात टीव्ही आहे म्हणून जंगल हसतं का तुम्हाला? मग झालं तर. गप्प बसून ऐका. आणि मागे तो कुणाचा मोबाइल वाजतोय, तो बंद करा, नाहीतर मी गोष्ट बंद करीन.

तर टीव्ही होता जांबुवंतीकाकूंच्या गुहेत. जांबुवंतीकाकू म्हणजे अस्वल. अंगानं दांडग्या, आवाजानं त्याहून दांडग्या, आणि हातात कायम लाटणं. अस्वलाला लाटणं कशाला, असं विचारू नका. जे विचारायचे त्यांना तिथल्या तिथे कळायचं.

त्या टीव्हीला एक गेम जोडलेला होता. गेममध्ये एक हरिण होतं. ते पळायचं, खड्ड्यांवरून उड्या मारायचं, जांभळं खायचं आणि शेवटी मगरीच्या तोंडात जाऊन मरायचं. मगरीच्या पुढे काय आहे, हे अख्ख्या जंगलात कुणालाही माहीत नव्हतं. तिथवर कुणी पोचलंच नव्हतं. कॅसेट अडकली की हत्तीचं पिल्लू सोंड लावून फुंकायचं. एकदा त्यानं जरा जास्तच जोर लावला, तर काकूंची चूल विझली. त्या दिवशी त्यालाही लाटणं कशाला असतं ते कळलं.

गेमला संगीतही होतं बरं का. टुंई टुंई, टिडिक टिडिक. संपलं. शिंक यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते संपायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवसभर तेच. आणि हरिण मेलं की वेगळा सूर यायचा. टुंऽऽ... टुंऽऽ... ढप्प.

टीव्हीपुढे पाट एकच होता. पिल्लं होती ढीगभर. म्हणून काकूंचा नियमही एकच होता: हरिण मेलं की उठायचं. ढप्प वाजलं की मागची सगळी रांग एका सुरात ओरडायची, "मेला! उठ! माझा नंबर!" पाटावरचा निमूट उठायचा, रांगेच्या शेवटी जायचा, पुढचा बसायचा. रडायचं नाही. 'बटणच अडकलं' म्हणायचं नाही.

एकदा एक पिल्लू उठेना. ते वाघाचं होतं. नाव गुंड्या. काकूंनी लाटणं उगारलं तसं ते उठलं आणि भोकाड पसरून घरी गेलं. पाठोपाठ त्याची आई, म्हणजे साक्षात महाराणी, गुहेच्या दारात हजर.

"काकू, माझं पोर युवराज आहे, कळतंय ना तुम्हाला?"

"असेल की," काकू म्हणाल्या. "घरी युवराज. इथे हरिण मेलं की उठायचं. तुम्हाला खेळायचंय का? मग लायनीत उभ्या राहा."

महाराणींनी रांगेकडे पाहिलं. थोडा वेळ घुटमळल्या आणि खरंच लायनीत उभ्या राहिल्या. त्यासुद्धा मगरीपाशीच मेल्या.

पुढे वर्षं गेली. हरिण आत नेमकं कुठे बसतं ते बघायला एका माकडानं टीव्ही मागून उघडला आणि टीव्ही कायमचा बंद पडला. पिल्लं मोठी झाली. गुंड्याचे रणधुरंधर महाराज झाले. सिंहासन आलं, मिश्या आल्या, पोट आलं. आणि याच जंगलात एक करकोचा राहत होता, त्याला कला आली.

त्याचं नाव दीर्घचंचू. दर थंडीत हा परदेशी जायचा आणि येताना काहीतरी शिकून यायचा. एकदा तो वाद्यवृंद शिकून आला. नदीकाठी महाराजांनी त्याला हॉल बांधून दिला. हत्ती तुताऱ्यांवर, रातकिडे व्हायोलिनवर, रानडुक्कर नगाऱ्यावर, आणि पुढे एका पायावर उभा राहून हातात काडी घेतलेला दीर्घचंचू. तो म्हणायचा 'वाद्यवृंद'. जंगल म्हणायचं 'ऑर्केस्ट्रा'. तिकीट घेताना लोक विचारायचे, "मध्ये मिमिक्री आहे का हो?" नाही म्हटलं की निघून जायचे.

शेवटी ऐकायला उरले एकटे महाराज. तेही राजधर्म म्हणून. पहिल्या काही सुरांतच ते घोरू लागायचे, आणि रातकिडे बिचारे त्या घोरण्यावर आपली व्हायोलिनं जुळवून घ्यायचे.

एके दिवशी महाराजांनी दीर्घचंचूला बोलावलं.

"गुरुजी, स्पष्टच सांगतो. या पौर्णिमेचा कार्यक्रम शेवटचा. हॉल भरला तर ठीक. नाही भरला तर तो म्हशींना देऊन टाकतो. त्यांना डुंबायला जागा हवीय."

"म्हशींना? महाराज, कलेचं मंदिर आहे ते!"

"अहो, रोज सकाळी येऊन दारात उभ्या राहतात. बोलत काही नाहीत. नुसत्या बघतात. मला नाही सहन होत."

दीर्घचंचूच्या पायाखालची जमीन सरकली. पाय एकच टेकलेला, त्यामुळे तो कोलमडलाच. मुलांनो, इथे हसू नका. त्याचा जीव होता त्या वाद्यवृंदात. एकेका रातकिड्याला त्यानं हाताला धरून शिकवलं होतं. हॉल गेला की हत्ती पुन्हा ओंडके ओढायला जाणार, रातकिडे गवतात जाणार, आणि त्याच्या लाडक्या मंचावर म्हैस लोळणार. नुसत्या विचारानं त्याला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तो तालमीला आला तेव्हा तोंडावरची माशी उडत नव्हती. एक हत्ती तुतारी पुसत होता. हाच तो, चूल विझवणारा. पुसता पुसता तो गुणगुणला, "टुंई टुंई, टिडिक टिडिक." शेजारच्या रातकिड्यानं तेच व्हायोलिनवर उचललं. मग दुसऱ्यानं. मग रानडुकरानं नगारा धरला. बघता बघता सगळा वाद्यवृंद तेच वाजवू लागला. आणि गंमत म्हणजे एकही सूर चुकेना. एवढी वर्षं काडी हलवून जे जमलं नव्हतं, ते आपोआप जमलं.

"बंद करा ही टुंईटुंई!" दीर्घचंचू किंचाळला. "ही कला आहे का?"

इतक्यात त्याचं लक्ष दाराकडे गेलं. दारात म्हशी उभ्या होत्या. नुसत्या बघत होत्या.

"बरं," तो काडी उचलून म्हणाला. "पुन्हा एकदा वाजवा पाहू."

मग तो कामाला लागला. शिंकेएवढं संगीत त्यानं ताणलं, फुगवलं, त्याला शेपूट लावलं, आयाळ लावली. वर नाव दिलं: 'मृगोड्डाणम्, चार खंडांत, पूर्ण वाद्यवृंदासाठी'. तो ढप्पचा सूर तर त्याला फारच भावला. त्यात करुण रस आहे, असं त्याचं मत पडलं. लहानपणी तो रांगेत खूप उभा राहिला होता, पण त्याची चोच लांब. पुढच्याला टोचायची. म्हणून सगळे त्याला ढकलून मागे पाठवायचे आणि त्याचा नंबर कधी आलाच नाही. पाटावरून उठायचं म्हणजे काय असतं, हे त्याला कुठून कळणार? त्यानं आपला तो सूर चारही खंडांत जागोजागी पेरून टाकला.

तालमीत पहिल्यांदा ढप्प वाजलं. पुढच्या स्टुलावर बसलेला हत्ती तुतारी ठेवून उठला आणि मागे जाऊन उभा राहिला. त्याच्या मागचा पुढे येऊन बसला. पुन्हा ढप्प. तोही उठला.

दीर्घचंचूचे डोळे भरून आले. "बघा! कलेच्या आदरानं हत्तीसुद्धा उभा राहतो! पण बाबांनो, वाजवताना अशी उठबस नको. उद्यापासून स्टुलं काढा. सगळ्यांनी उभ्यानंच वाजवायचं."

आता पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं ऐका. मृगोड्डाणम् म्हणजे तेच आपलं टुंई टुंई, हे जंगलभर झालं आणि संध्याकाळी हॉल फुटायला आला. पुढे मधोमध एकच आसन. ते सिंहासन. त्याच्यावर महाराज. मागे सतरंजीवर प्रधान तरस, त्याच्यामागे साळिंदर, त्याच्यामागे म्हशी, आणि मग सगळी प्रजा. जांबुवंतीकाकू म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्या दाराशी बसल्या. लाटणं सोबत होतंच.

दीर्घचंचूनं काडी उचलली. टुंई टुंई. हत्तींनी तुताऱ्या फुंकल्या, छपराची धूळ खाली आली. लोक रडायला लागले हो! साळिंदराचे काटे उभे राहिले, शेजारी दोघंजण ओरडले. महाराज झोपले नाहीत. ते सिंहासनावर पुढे सरकून बसले होते आणि त्यांच्या पंजाचा अंगठा नसलेलं बटण दाबत होता.

आणि पहिल्या खंडाच्या शेवटी तो सूर आला. सगळ्या तुताऱ्यांमधून, सगळ्या नगाऱ्यांवर. टुंऽऽ... टुंऽऽ... ढप्प!

अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "मेला! उठ! माझा नंबर!"

महाराज दचकले. त्यांनी मागे पाहिलं. दाराशी काकू उठून उभ्या होत्या, डोळे मिटलेले, लाटणं वर. "कोण आहे रे पाटावर? गुंड्या का? उठ बघू!"

आणि महाराज उठले.

निमूट उठले, मान खाली घालून रांगेच्या पार शेवटी गेले, आणि एका भेकराला विचारलं, "लाइन इथेच संपते ना?"

प्रधान तरस आधीच उडी मारून सिंहासनावर बसला होता. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कशावर बसलोय. मग तो हसला. तरस कसा हसतो ते तुम्हाला माहीत आहे. पण तो काही मूर्ख नव्हता. एक राजा ज्या सुरावर उठला त्याच सुरावर दुसरा उठणार, हे त्याला लगेच उमगलं.

"आमचा पहिला हुकूम!" तो गरजला. "हा वाद्यवृंद आत्ताच्या आत्ता कायमचा बं..."

दीर्घचंचूला काय करावं सुचेना. हातात काडी होती, ती त्यानं हलवली.

ढप्प.

"मेला! उठ! माझा नंबर!"

तरस उठला. साळिंदर बसलं. त्यानंही घाईघाईनं तोंड उघडलं, "पहिला हुकूम, हे संगीत..." ढप्प. तेही उठलं. सिंहासनाच्या गादीला तेवढी भोकं पडली.

मग थोरली म्हैस बसली. ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. हॉलकडे, मंचाकडे, नदीकडे. दीर्घचंचूनं काडी वर धरली. म्हशीनं रवंथ संपवली. हळूच तोंड उघडलं. "हा हॉल..."

"वाजवा!" दीर्घचंचू ओरडला. "अरे हत्तींनो, वाजवा!"

ढप्प.

म्हशीला उठायला वेळ लागला, पण उठली. नियम म्हणजे नियम.

आणि तेव्हा त्या करकोच्याला सगळं समजलं. जो बसेल त्याचा पहिला हुकूम हाच असणार. संगीत ज्या क्षणी थांबेल, त्या क्षणी वाद्यवृंद बुडाला. म्हणजे आता थांबायचंच नाही.

तो अजून थांबलेला नाही. चार खंड केव्हाच गळून पडले. कोण एवढं वाजवणार? उरलं तेवढंच, टुंई टुंई, टिडिक टिडिक, आणि मग ढप्प. शिंकेएवढं. पुन्हा पहिल्यापासून. हत्ती पाळीपाळीनं वाजवतात. दीर्घचंचू एका पायावर उभा आहे. पाय दुखला की दुसऱ्या पायावर उभा राहतो. त्याला झोप हवीय, पण मागायची कुणाकडे? सिंहासनावर जो असेल त्याच्याकडे मागेपर्यंत तो उठलेला असतो.

आणि जंगलाचा कारभार? चाललाय की पहिल्यासारखाच. कुणाला फरक कळलेला नाही. कर कुणी वाढवत नाही, कारण वाक्य पुरं होत नाही. हॉल रोज भरतो. मुंग्यासुद्धा राज्य करून गेल्या. परवा रणधुरंधर महाराजांचा नंबर पुन्हा आला. ते बसले, ढप्प झालं, उठले. रांगेच्या शेवटी जाताना त्या भेकराला म्हणाले, "पुढच्या वेळी बघच तू. मगरीच्या पुढे जातोच की नाही!"

भेकर म्हणालं, "सगळे हेच म्हणतात."

तात्पर्य: शाळेत विचारलं तर सांगा, 'कोणतंही संगीत लहान नसतं.' बाईंना आवडेल. खरं तात्पर्य असं, की राजानं उठावं म्हणून तप करू नका, भाषणं करू नका, न्याय तर मागूच नका. तो लहान असतानाच त्याला एखाद्या काकूकडे खेळायला पाठवा. आणि ज्यांच्या लहानपणी काकूच नव्हती, त्यांच्यापुढे कितीही हत्ती तुताऱ्या फुंकोत, ते बसूनच टाळ्या वाजवणार.