कापड पुरलं नाही

दातांच्या डॉक्टरांना सकाळी सव्वाआठ वाजता जिन्यात शिंक आली. एक नाही, ओळीने सहा. पहिल्या शिंकेला दुसऱ्या मजल्यावरचं दार आपटलं, दुसरीला तिसऱ्यावरचं, आणि सहावी येईपर्यंत त्या चार मजली इमारतीत डॉक्टरांशिवाय कोणी राहतच नसावं अशी शांतता पसरली.

दिवसच तसे होते. रोग नवा होता, त्याच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं, आणि म्हणूनच जो तो दुसऱ्याला शिकवत होता. कोणी दुधाच्या पिशव्या साबणाने घासत होतं, कोणी वर्तमानपत्राला इस्त्री करून मग वाचत होतं, कोणी काडेपेटीतल्या काडीने घंटीचं बटण दाबत होतं. हे एकवेळ समजू शकतं. पण रोग डोळ्यांना दिसत नव्हता आणि शेजारी मात्र रोज दिसत होता, तेव्हा सगळा राग शेजाऱ्यावर निघत होता. ज्या डॉक्टरांना जिन्यात गाठून आयुष्यभर फुकट दाढा दाखवल्या, त्यांच्याकडे आता दाराच्या भोकातून बघत होते लोक. लाज वाटायला हवी होती, पण कोणाला वाटत नव्हती.

एकच दार उघडलं, पहिल्या मजल्यावरचं. तिथे निवृत्त मुख्याध्यापिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. बाई इमारतीच्या चिटणीस होत्या, आणि ज्यांनी एकतीस वर्षं शाळा ताब्यात ठेवली त्यांच्यापुढे विषाणूची काय बिशाद! जंतुनाशकाचा फवारा हातात घेऊन त्या बाहेर आल्या.

"डॉक्टर, तिथेच थांबा! ताप आहे का?"

"नाही हो बाई," डॉक्टर नाक चोळत म्हणाले. "हा मास्क टोचतोय. लोकरीचा आहे बहुतेक."

"मग दुसरा लावा ना!"

"मिळतोय कुठे? औषधवाल्याकडची रांग गल्लीच्या टोकाला गेलीय. हाच आपल्या टेलरमास्तरांनी दिला म्हणून. तोही फुकट."

बाईंनी चष्मा सावरला आणि सहा फुटांवरून डॉक्टरांच्या नाकाकडे निरखून पाहिलं. गडद निळं कापड, त्यावर करड्या रंगाची बारीक रेघ. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कापड आमचं आहे!"

बावीस वर्षांपूर्वी बाईंच्या यजमानांना बढती मिळाली होती. ते पाणीपुरवठा खात्यात होते. त्यांना नाव असणारच, पण इमारतीत सगळे त्यांना 'मिस्टर' म्हणत, कारण ते बाईंचे मिस्टर होते. बढतीच्या समारंभासाठी बाईंनी चार दुकानं पालथी घालून हे कापड आणलं. कोट, पँट आणि जाकीट. कोट आला, पँट आली, जाकीट आलं नाही. "कापड पुरलं नाही, बाई," टेलरमास्तर खाली मान घालून म्हणाले होते. समारंभाच्या फोटोत सगळे अधिकारी जाकिटात आणि मधोमध मिस्टर नुसत्या कोटात. तो फोटो भिंतीवर होता आणि त्यावरची धूळ पुसताना बाई दर रविवारी टेलरच्या नावाने बोटं मोडत.

"चोर आहे तो!" बाई जिन्यातून गरजल्या. "बावीस वर्षं कापड दाबून बसला आणि आता त्याचं दान करतोय!"

मघाशी शिंकेने बंद झालेली दारं आता एकेक करून उघडली. भीती कितीही मोठी असो, भांडण ऐकायला माणूस बाहेर येतोच. तिसऱ्या मजल्यावरच्या सासूबाईंनी आपल्या नातवाच्या तोंडावरचा मास्क उजेडात धरून पाहिला.

"गुलाबी ठिपके! अगं बाई, हे तर मी सुनेला घेतलेलं झग्याचं कापड. 'लांब बाह्यांना पुरलं नाही' म्हणाला होता मेला!"

दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्या काकांनी स्वतःचा मास्क काढून हातात घेतला. हिरवी पानं. त्यांच्या दिवाणखान्याच्या खिडकीचा पडदा याच कापडाचा होता, आणि गेली आठ वर्षं तो खिडकीच्या मध्यावरच संपत होता.

"पुरलं नाही म्हणाला होता," काका दातओठ खात म्हणाले. "मी जाहीर माफी मागितली होती हो त्याची. म्हटलं, माझंच माप चुकलं!"

झालं. तासाभरात इमारतीतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत आपलं कापड शोधू लागला. रोग राहिला बाजूला.

टेलरमास्तरांचं दुकान जिन्याखालच्या खोलीत होतं. एक शिलाई मशीन, एक आरसा, कापण्याचं टेबल आणि त्याखाली एक पत्र्याची ट्रंक. शाळा बंद म्हणून गणवेश नाहीत, लग्नं पुढे गेली म्हणून सूट नाहीत. रिकाम्या मशीनपुढे बसवेना, म्हणून मास्तरांनी ट्रंक उघडली आणि तीन दिवस खपून साठ मास्क शिवले. बायकोने बजावलं होतं, "अहो, ती कापडं बाहेर काढू नका. लोक बोलतील." त्यावर मास्तर म्हणाले होते, "लोकांना श्वास घ्यायची चिंता आहे, कापड कोण बघतंय?" यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. माणूस लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण कमी पडलेलं कापड विसरणार नाही.

दुपारी फलकावर बाईंच्या वळणदार अक्षरात सूचना लागली. 'उद्या सकाळी दहा वाजता पटांगणात तातडीची सभा. विषय: जिन्याखालची खोली टेलरकडून रिकामी करून घेणे.'

मास्तरांच्या बायकोने ती वाचली आणि दुकानात येऊन खाली बसली. "खोली गेली तर मशीन कुठे ठेवायचं? या दिवसांत कोण दारात उभं करील आपल्याला?"

मास्तरांनी मशीनला तेल घातलं. मशीनला तेलाची गरज नव्हती.

सभेसाठी बाईंनी स्वतः खडूने पटांगणात वर्तुळं आखली होती. दोन वर्तुळांत सहा फूट, पट्टीने मोजून. प्रत्येकाने आपापल्या वर्तुळात उभं राहायचं. नवरा-बायको एकाच घरात झोपत असले तरी सभेत वेगळ्या वर्तुळात, कारण नियम म्हणजे नियम. मधल्या वर्तुळात मास्तर. आणि गंमत बघा, त्यांना चोर म्हणायला जमलेल्या सगळ्यांच्या तोंडावर त्यांनीच शिवलेले मास्क!

काकांनी पडदा सांगितला, सासूबाईंनी बाह्या सांगितल्या, बाईंनी फोटोसकट जाकीट सांगितलं.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" बाईंनी विचारलं.

"म्हणायचंय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे. "फक्त ते हळू म्हणायचं आहे, आणि सहा फुटांवरून हळू म्हणता येत नाही. ज्यांच्याबद्दल म्हणायचंय त्यांना आधी विचारतो. बोलू का?"

एवढं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली, आणि सभेत काहीतरी विचित्र झालं. विमावाल्या काकांच्या पत्नी, काकू, एकदम म्हणाल्या, "अहो, जाऊ दे ना! पडदा काही वाईट दिसत नाही. उजेड येतो."

"उजेड येतो?" काका गर्रकन वळले. "आठ वर्षं मी ऊन लागतं म्हणून ओरडतोय!"

"आणि मी आठ वर्षं त्या खिडकीतून रस्ता बघतेय. पूर्ण पडदा लावून घरात काय तुमचं तोंड बघत बसू?" काकू बोलून गेल्या आणि मग त्यांनी मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला. काकांना अजून उलगडा व्हायचा होता. बाकी पटांगणाला झाला.

सून आपल्या वर्तुळातून घाईघाईने म्हणाली, "आई, मलापण वाटतं, सोडून द्यावं. आखूड बाह्या काम करायला बऱ्या पडतात."

"म्हणजे तेव्हा तूच गं..." सासूबाई म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. त्या हुशार होत्या.

खरी गोष्ट अशी होती. गेल्या बावीस वर्षांत त्या इमारतीत ज्याला ज्याला घरात 'मला हे नको' म्हणायची हिंमत नव्हती, तो गुपचूप जिन्याखाली यायचा. "मास्तर, एवढं सांगा हो, कापड पुरलं नाही म्हणून." मास्तर सांगायचे. उरलेलं कापड परत द्यावं तर खोटं उघडं पडणार, ठेवून घ्यावं तर चोर ठरणार. त्यांनी ठेवून घेतलं. वीतभर तुकडे त्यांनी स्वतःही कधी ठेवले असतील, ते काही साधुसंत नव्हते. पण ट्रंक भरली होती ती इमारतीच्या भित्रेपणाने, आणि खोली मात्र त्यांची जाणार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी!

बाई चिडल्या. बाकीचे फिर्यादी असे एकाएकी का विरघळताहेत, हे त्यांना कळेना. "कोणाचंही काहीही जाऊ दे! माझं जाणार नाही. टेलर, माझ्या जाकिटाचं सांगा. अगदी मोठ्याने सांगा!"

मास्तरांनी मिस्टरांकडे पाहिलं. मिस्टर कडेच्या वर्तुळात चपलेच्या टोकाने खडूची रेघ पुसत उभे होते. मास्कच्या वर त्यांचे दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत नुसती काकुळती होती. खोली की हे डोळे? मास्तरांनी मोठा श्वास घेतला.

"तुमचं कापड मी चोरलं, बाई. लिहून घ्या. खोली उद्या रिकामी करतो."

कोपऱ्यात त्यांची बायको हुंदका देऊन मटकन खाली बसली.

"खोटं!" मिस्टर म्हणाले.

"काय?" बाईंनी विचारलं. मास्कमधून नीट ऐकू आलं नव्हतं.

"खोटं आहे ते! मीच सांगितलं होतं!"

"काय सांगितलं होतं? मोठ्याने बोला!"

मिस्टरांचा चष्मा वाफेने पांढरा झाला होता. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला.

"अहो, मास्क वर!" बाई ओरडल्या.

मिस्टरांनी मास्क वर केला, दोन्ही मुठी आवळल्या आणि जन्मात पहिल्यांदा पोटाच्या तळापासून आवाज काढला. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या.

"मला नको होतं जाकीट! कापड पुरलं नाही म्हणून सांगा, असं मीच मास्तरांना सांगितलं होतं! मला तुझ्या वडिलांसारखं दिसायचं नव्हतं!"

बाई फिक्या पडल्या. मग हळू आवाजात, पण सहा फूट जाईल इतपत, म्हणाल्या, "मग मला सांगायचं होतंत."

"तुला सांगता आलं असतं," मिस्टर म्हणाले, "तर टेलरला कशाला सांगितलं असतं?"

एकतीस वर्षं प्रश्न विचारणाऱ्या बाईंना कोणी असा प्रश्न टाकला नव्हता, आणि तो लागला. राग आला होताच, पण कोणावर काढायचा हे कळत नव्हतं, आणि असा राग फार जड असतो.

सुटका झाली म्हणून मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. उलट आता त्यांचाच भडका उडाला.

"बावीस वर्षं!" ते आपल्या वर्तुळातून सगळ्यांवर ओरडले. "बावीस वर्षं पोरंसोरं मला कापडचोर म्हणतात! तुमच्या घरात तुम्हाला तोंड उघडता येत नाही, म्हणून माझं तोंड वापरलंत, आणि मला घालवायची सभा भरली तेव्हा सगळे आपापल्या वर्तुळात गप्प उभे राहिलात! एक मिस्टर सोडले तर खरं सांगायला एकाची जीभ उचलली नाही. यापुढे ज्याला जे नको असेल त्याने ते आपल्या घरात, आपल्या तोंडाने सांगावं. मास्कमधूनसुद्धा ऐकू जातं. आत्ता ऐकलंत!"

आणि ते बायकोला उठवून आत निघून गेले.

बाई शिस्तीच्या. वैयक्तिक आयुष्यात काहीही कोसळो, सभेचा वृत्तांत त्याच दिवशी लिहिला जायचा. संध्याकाळी फलकावर तो लागला: 'सर्व संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले असता कापड पुरले होते असे सभेच्या निदर्शनास आले. सबब खोलीचा विषय रद्द.' खाली सही. सही नेहमीपेक्षा लहान होती.

आठ दिवसांनी, दुपारी जिना सामसूम असताना, बाई जिना उतरून दुकानाच्या दारात आल्या आणि सहा फुटांवर उभ्या राहिल्या.

"आमचे हे काल कापड देऊन गेले ना?"

"हो. शर्टाचं." मास्तरांनी टेबलावरची घडी उलगडली. पिवळंधमक कापड आणि त्यावर हातभर लांब शेपटीचे हिरवे पोपट.

"कुठल्या तरी कपाटाच्या तळातून काढलं," बाई म्हणाल्या. "परवा दिवसभर आरशासमोर खांद्यावर टाकून बघत होते. सकाळी दूध आणायला हाच शर्ट घालून जाणार म्हणे. सगळी गल्ली बघणार." त्यांनी मागे वळून जिना रिकामा असल्याची खात्री करून घेतली आणि आवाज उतरवला. "मास्तर, त्यांना सांगाल का? कापड पुरलं नाही म्हणून?"

मास्तरांनी टेप काढली. कापड मोजलं. उलटं करून पुन्हा मोजलं.

"पुरतंय, बाई. उरेलसुद्धा."

"ते मलाही दिसतंय!"

"तुम्हीच सांगा ना त्यांना, आवडलं नाही म्हणून."

वरच्या मजल्यावरून मिस्टरांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत त्यांना कधी कोणी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. बाईंनी ते ऐकलं आणि टेबलावरच्या पोपटांकडे पुन्हा पाहिलं.

"निदान खिसा तरी एकच लावा," त्या शेवटी म्हणाल्या.

मास्तरांनी दोन लावले.