तायडे सरांचे जिवाणू

आमच्या प्रयोगशाळेत सकाळी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वाटतं, आत कोणीतरी निवडणुकीचा निकाल सांगतंय. तो आवाज तायडे सरांचा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते एकटेच मोठ्यानं बोलत असतात. "सध्या खाणं जोरात चालू आहे. गर्दी वाढून राहिली. कामाचं मात्र काहीच नाही! दम धरा!"

बोलणं चाललेलं असतं ते जिवाणूंबद्दल. अमरावतीच्या आमच्या संस्थेत पिकांवरच्या अळ्या मारणारे जिवाणू वाढवतात आणि त्यांचं फवारणीचं औषध शेतकऱ्यांना देतात. सर त्या विभागाचे. मी साताऱ्याची, इथे नवी आले तेव्हा सरांचं वऱ्हाडी बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी मला वाटलं, हे माझ्याशी भांडताहेत. "कदमबाई, त्या फ्लास्कले हात काहून लावून राहिल्या? त्यायले वाढू द्या ना!" नंतर कळलं, हा त्यांचा प्रेमळ स्वर. भांडताना ते गप्प बसतात.

सरांचा सगळा जीव एका गोष्टीत अडकलेला. हे जिवाणू कोवळे असताना खातात, दुप्पट होतात, आणि त्या वेळी त्यांच्या पोटात बनतात ती स्वतःच्या वाढीपुरती प्रोटीनं. अळीचं त्यानं काही वाकडं होत नाही. फ्लास्कमधलं खाणं संपत आलं, वाढ थांबली, की प्रत्येकाच्या पोटात एक बीजाणू धरतो आणि त्याच्या शेजारी दुसऱ्याच प्रोटीनचा स्फटिक तयार होतो. अळीचं आतडं फाडतो तो हा स्फटिक. शेवटी जिवाणू फुटतो आणि बीजाणू, स्फटिक दोन्ही मोकळे होतात. तोवर दम धरायचा.

हे त्यांनी मला शिकवलं, शिपायाला शिकवलं, चहावाल्यालाही शिकवलं. बडनेऱ्याला एका मुलीच्या बापानं त्यांना स्थळाबद्दल मत विचारलं. सर म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण अजून खाण्या-वाढण्यातच आहे. कामाचं प्रोटीन बनलं नाही." लग्न वर्षभर पुढे गेलं. मुलगी खूश होती म्हणे, तिची परीक्षा व्हायची होती.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी सर पुतणीच्या लग्नाला अकोल्याला गेले. जाताना बजावून गेले, "या फ्लास्कले कोणी हात लावाचा नाही." नेमका त्याच आठवड्यात अचलपूरला शेतकरी मेळावा ठरला. विभागप्रमुखांना तिथे औषधाचे डबे वाटायचे होते. "पाणी गढूळ झालंय, म्हणजे जिवाणू भरपूर आहेत," असं म्हणत त्यांनी फ्लास्क डब्यांत रिकामे करायला लावले. सर परत आले, रिकामे फ्लास्क पाहिले आणि दिवसभर गप्प बसले.

थोड्याच दिवसांत गोदाबाई आल्या. अचलपूरजवळ त्यांची भाज्यांची वाडी. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. पिशवीतून जाळी झालेली पानकोबी काढून त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यातून हिरव्या अळ्या वळवळत बाहेर आल्या.

"पाहा मास्तर! तुमच्या औषधानं अळ्या कशा गुटगुटीत झाल्या! अर्धं वावर खाल्लं मायं!"

विभागप्रमुखांचं नाव घेणं सोपं होतं. ते शेजारच्याच खोलीत होते. सरांनी पानकोबी उचलली, पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, चूक आमची आहे. औषध कच्चं होतं. उरलेलं अर्धं वावर वाचवू."

मग त्यांनी गोदाबाईंना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. नव्या फ्लास्कमधला थेंब काचेवर होता.

"दिसते काय?"

"काड्या दिसून राहिल्या. वळवळतात."

"ते अजून खाऊन राहिले. त्यायच्यापाशी मारायचं काहीच नाही."

"मंग कवा मारतीन?"

"खाणं संपलं की."

गोदाबाईंनी डोळा काढला आणि समंजसपणे म्हणाल्या, "म्हंजे आमच्या मोठ्या पोरासारखं." सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

स्फटिक दिसले त्या दिवशी सरांनी डबा कोणाच्या हाती दिला नाही. एसटीत मांडीवर घेऊन स्वतः अचलपूरला गेले, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारणी करवून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. अळ्यांनी खाणं सोडलं होतं, पुढे त्या काळ्या पडून गळाल्या. नवे गड्डे वाचले. त्यानंतर सर दर रविवारी पाहणीला जाऊ लागले.

थंडीत मला पानकोबीचे फोटो हवे होते, म्हणून एका रविवारी मीही सोबत गेले. वावरात पाहते तर पानकोबी कुठेच नाही. सगळीकडे मेथी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. सर मात्र वाफ्याशी उकिडवे बसून भिंगातून मेथीचं पान न्याहाळत होते.

गोदाबाईंनी मला विहिरीकडे नेलं आणि आवाज शक्य तितका खाली आणला. "पानकोबी तं दिवाळीलेच विकली, बाई. मास्तरले म्या म्हटलं नाही, का आता येऊ नका म्हणून. त्याईलेबी दिसतेच ना."

मग त्यांनी हाक मारली. ओसरीवर पाट मांडलेले होते. भाकर, बेसनाच्या पातोडीचा रस्सा, ठेचा. सर न विचारता भिंतीकडच्या पाटावर बसले, जणू ती जागा त्यांचीच. गोदाबाईंनी त्यांच्या भाकरीवर तेल सोडलं. मोठा मुलगा आला, तो सरांना चिडवत राहिला, सर त्याला. ताट संपलं तरी सर उठेनात. कोणी उठवलंही नाही.

निघताना सर म्हणाले, "मेथीवर अळी नाही. पण लक्ष ठेवा लागते."

"ठेवाच लागते," गोदाबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी या."

एसटीत मी विचारलं, "सर, मेथीवर नेमकी कोणती अळी बघता?"

"आमची घरवाली, मंदा, गेल्यापासून," ते म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी घरी एकट्यानं ताटावर बसणं होत नाही, कदमबाई."

गोदाबाईंनी दिलेली सांबाराची जुडी त्यांच्या मांडीवर होती. परतवाडा मागे पडेपर्यंत सरांना गाढ झोप लागली.