क्लॅरी टाकी शोधतो

टॅलगारा गावात आयव्हर डन्स्टनच्या हिरवळीवर पाय ठेवायची परवानगी मोजक्याच लोकांना होती. एक तो स्वतः. दुसरी त्याची बायको ग्वेंडा, तीही अनवाणी. आणि तिसरे वसंतातल्या बागस्पर्धेचे परीक्षक. घरामागची ती हिरवळ होतीच तशी. बिलियर्डच्या टेबलासारखी सपाट, आणि मधोमध तर इतकी गर्द की पाहणाऱ्याला वाटावं, रंग देऊन वाळवली आहे. सलग तीन वर्षं पहिला कप तिने आणला होता. आयव्हर सगळं श्रेय आपल्या खताला द्यायचा. त्यात माशांच्या काट्यांची पूड होती, शिळी बियर होती, आणि आणखी एक जिन्नस होता, जो त्याने सव्वीस वर्षं शेजारी राहणाऱ्याला तर सोडाच, चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोलाही सांगितला नव्हता.

कुंपणापलीकडे ॲथॉल प्रिस्क राहायचा. तो सलग तीन वर्षं दुसरा आला होता. मधूनमधून वाऱ्यावर कसलासा कुबट वास यायचा, तो ॲथॉलच्या पालापाचोळ्याच्या खताचा आहे असं आयव्हरचं ठाम मत होतं. नुसतं मत नव्हे, बागप्रेमी मंडळाला त्याने तशी दोन पत्रंही लिहिली होती.

परीक्षक शनिवारी सकाळी दहाला येणार होते. सोमवारी ग्वेंडा शॉवरखाली उभी असताना कपडे धुवायच्या खोलीतल्या मोरीने मोठ्ठा ढेकर दिला, आणि बघता बघता बाथरूममध्ये तिच्या घोट्यापर्यंत पाणी चढलं. ती टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली की प्लंबरला बोलवावं लागेल.

आयव्हरने तिला सांगितलं की चाळीस वर्षं रेल्वेच्या मालधक्क्यावर काढलेल्या माणसाला असल्या कामाला प्लंबर लागत नाही, आणि नाश्त्याच्या आत पाणी वाहतं करून दाखवतो. त्याने आधी उकळतं पाणी ओतलं. मग सोडा ओतला. मग रबरी पंपाने मोरीला अशी काही धापा टाकायला लावली की स्वतःलाच खुर्चीत बसावं लागलं. शेवटी बागेचा पाइप मोरीत खुपसून त्याने नळ पूर्ण सोडला. पाणी गेलं, खरंच गेलं. दोन मिनिटांनी ते संडासातून वर आलं, आणि एकटं आलं नाही.

ग्वेंडाने फोन उचलला.

गावात प्लंबर एकच होता, क्लॅरी बोडन. माणूस लाखात एक, पण त्याला घाई नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. क्लबातला एक गळका नळ बदलायला त्याने अकरा आठवडे लावले होते, आणि ही गोष्ट आयव्हरनेच क्लबातल्या प्रत्येकाला निदान दोनदा सांगितली होती. म्हणून तर त्याला क्लॅरी नको होता. पण दुसरा प्लंबर होता शंभर किलोमीटरवर, आणि त्याने फोनवरच सांगितलं की पुढच्या महिन्यात बघू.

क्लॅरी मंगळवारी सकाळी सातला येतो म्हणाला. आयव्हर साडेसहापासून फाटकाशी उभा. क्लॅरीची पिकअप गाडी दीडला आली. आल्या आल्या त्याने चहा मागितला, सोबतची केकची वडी बघून दुसरीही मागितली, आणि मग अर्धा तास मोरीपाशी कान लावून बसला, डॉक्टर पोटाशी बसतो तसा.

"नळ्या झकास आहेत," तो उठून म्हणाला. "टाकी भरली आहे तुझी."

आयव्हरने त्याला समजावलं की या घराला टाकीबिकी नाही, सगळं गावाच्या ड्रेनेज लाइनला जोडलेलं आहे. घर घेतलं तेव्हा रस्त्याखालून लाइन गेली आहे ना, हे त्याने स्वतः विचारून घेतलं होतं. क्लॅरीने शांतपणे ऐकून घेतलं. लाइन रस्त्याखालून गेली आहे हे खरं, म्हणाला, पण या घराच्या जुन्या मालकाने ती जोडूनच घेतली नाही. त्याला कसं माहीत? तर टाकी त्याच्या बापानेच पुरली होती.

म्हणजे सव्वीस वर्षं दोन माणसांचा संसार एका टाकीत उतरत होता, आणि ती एकदाही कुणी उपसली नव्हती. ग्वेंडाने खुर्ची ओढली आणि बसली.

"मग कुठे आहे ती?" आयव्हरने विचारलं.

"तो नकाशा आहे ना बाबांचा," क्लॅरी म्हणाला, आणि गाडीतून एक तेलकट वही घेऊन आला. नकाशात लिहिलं होतं, वॅटलच्या झाडापासून चौदा पावलं. झाड पडून तीस वर्षं झाली होती. शिवाय क्लॅरीचे वडील सव्वासहा फूट उंच होते, आणि पावलं त्यांची होती.

बुधवारी क्लॅरी दोन वाकवलेल्या तारा घेऊन आला. त्या दोन मुठींत सैल धरून तो अंगणात झोपेत चालल्यासारखा हिंडू लागला. तारा एकमेकींवर आल्या की खाली टाकी, असं त्याचं शास्त्र. कपडे वाळत घालायच्या खांबापाशी तारा जुळल्या. क्लॅरीने कंबरभर खणलं. खाली घोड्याची कवटी निघाली. क्लॅरीला ती इतकी आवडली की तो घोडा कुणाचा असावा यावर त्याने दुपारचा चहा संपवला.

दुसऱ्यांदा तारा गुलाबाच्या वाफ्यात जुळल्या. तिथे खणताना एक वेगळीच अडचण आली. वसंतात मॅगपाय या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांचं अंडी उबवणं चाललेलं असतं, आणि नर अंगणात येईल त्याच्या टाळूवर झेप घेतो. क्लॅरी खड्ड्यात वाकला की पक्षी वरून यायचा आणि चोच मारून जायचा. क्लॅरीने गाडीतून आइस्क्रीमचा रिकामा डबा आणला, त्यावर काळ्या रंगाने मागच्या बाजूला दोन डोळे काढले, आणि तो डोक्यावर चढवून पुन्हा खणू लागला. आयव्हर गुलाबांकडे बघत उभा होता. किती मुळं तुटली ते तो मनाशी मोजत होता. तेवढ्यात पक्ष्याने डोळ्यांना न जुमानता झेप घेतली, क्लॅरी दचकला, कुदळ भलतीकडे पडली, आणि खड्ड्यातून पाण्याचा फवारा छपरापर्यंत उडाला.

टाकी नव्हती. घराला पाणी पुरवणारी नळी होती.

आता घरात पाणी येत नव्हतं आणि घरातून पाणी जात नव्हतं. क्लॅरी म्हणाला, एका अर्थी हे बरंच झालं, टाकीवर आणखी भार नको. नळीचा जोड त्याच्याकडे नव्हता. गुरुवारी घेऊन येतो, म्हणाला.

ग्वेंडा टॉवेल, साबण आणि शाम्पू घेऊन सरळ ॲथॉलकडे गेली. ॲथॉल एकटा राहायचा आणि त्याला सोबत आवडायची. तिला अंघोळीला गरम पाणी मिळालं, नंतर चहा मिळाला, आणि ती दोन तासांनी परत आली ती गाणं गुणगुणत. ॲथॉलने आयव्हरलाही निरोप पाठवला होता, संकोच करू नकोस. आयव्हरला यात कावा दिसला. स्पर्धेच्या आठवड्यात प्रतिस्पर्ध्याच्या संडासात जाणारा माणूस कप कसा राखणार? तो गाडी काढून गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर गेला. दिवसातून चार वेळा गेला. दर वेळी काहीतरी विकत घ्यायला हवं म्हणून चघळायच्या गोळ्या घेतल्या. गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्या गोळ्यांनी पोट असं बिघडलं की फेऱ्या चाराच्या सात झाल्या.

गुरुवारी क्लॅरी आलाच नाही. शुक्रवारी अकराला आला, नळी जोडली, आणि तारा गाडीतच ठेवून हिरवळीच्या कडेला येऊन उभा राहिला. बराच वेळ डोळे बारीक करून बघत होता. आयव्हरला वाटलं, अखेर याला सौंदर्य दिसलं. मग क्लॅरीने बूट काढले, हे त्यातल्या त्यात बरं, हिरवळीच्या बरोब्बर मध्यावर गेला आणि आडवा होऊन जमिनीला नाक लावलं.

"मीही मूर्खच," तो पडल्या पडल्या म्हणाला. "तारा कशाला हव्यात? आयव्हर, तुझं गवत सगळ्यात गर्द कुठे आहे सांग."

आयव्हरला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं, आणि कळू नये असं वाटलं. तो म्हणाला की ते खतामुळे आहे. माशांच्या काट्यांमुळे आहे. घाईघाईत त्याने गुप्त जिन्नसही सांगून टाकला, मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण, चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. क्लॅरीने मान हलवली.

"काटे टाकलेस तू सगळीकडे," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "गर्द झालं इथेच. झाकणाला तडा गेलाय, वर पाझरतंय. आणि तो वास येतो ना तुला अधूनमधून..."

आयव्हर चालत गेला आणि त्या गर्द गवताच्या मधोमध उभा राहिला. इथून आपण हलणार नाही, असं त्याने जाहीर केलं. उद्या दहाला परीक्षक येऊन जातील, मग वाटेल तिथे खणा. एक रात्र काढता येते. माणसं वाळवंटात राहतात.

ग्वेंडा मागच्या पायऱ्या उतरून आली. तिच्या पायांत बूट होते. ती तशीच हिरवळीवरून चालत त्याच्यासमोर आली.

"आयव्हर," ती म्हणाली, "तीन दिवस मी ॲथॉलच्या बाथरूममध्ये अंघोळ करते आहे. माझा शाम्पू संपत आलाय हे आज त्याने मला सांगितलं. बाजूला हो."

आयव्हर बाजूला झाला.

क्लॅरीने, त्याला श्रेय द्यायलाच हवं, गवत अगदी जपून कापलं. चौकोनी तुकडे केले, गालिच्यासारखे गुंडाळून सावलीत ठेवले. वीतभर खाली झाकण लागलं. तडा या कडेपासून त्या कडेपर्यंत होता. मैला उपसणाऱ्या गाडीला क्लॅरीने फोन केला. ती शनिवारी सकाळी आठला येणार असं ठरलं. आयव्हरने मनाशी हिशेब मांडला. आठला उपसणी, साडेआठला सिमेंट, नऊला गवत परत जागच्या जागी, मग पाण्याचा हलका शिडकावा. दहाला कुणाला कळणारही नाही.

गाडी दहाला पाच कमी असताना आली.

परीक्षकांच्या अध्यक्ष हिलरी मॅडर्न, वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर रुंद हॅट, फाटकातून आत शिरल्या तेव्हा पंप नुकता सुरू झाला होता. त्यांनी रुमाल नाकाला लावला, पण पावलं थांबवली नाहीत; तीस वर्षांत त्यांनी बरीच खतं हुंगली होती. आयव्हर इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात पसरून, आपल्या अंगाने तो खड्डा झाकता येतो का बघत उभा होता. त्याचं ठरलं होतं की पाण्याच्या नळीचं किरकोळ काम आहे असं सांगायचं.

पण बाईंनी प्रश्न क्लॅरीला विचारला. आणि आठवडाभर ज्याने एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नव्हतं, त्या क्लॅरीने डोक्यावरचा आइस्क्रीमचा डबा काढून अदबीने सगळं सांगितलं. सव्वीस वर्षं, तडा, पाझर, गवताची मुळं कशी खालीपर्यंत गेली आहेत ते. एक तुकडा उलगडून मुळं दाखवलीसुद्धा. मॅडर्नबाईंनी चष्मा काढून ती नीट पाहिली. बरोबरच्या दोघा परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते फाटकाच्या दिशेने दोन पावलं सरकले.

"म्हणजे डन्स्टन," त्या अखेर म्हणाल्या, "श्री. प्रिस्क यांच्या खताबद्दल तुम्ही आम्हाला ती दोन पत्रं लिहिलीत..."

कुंपणापलीकडे ॲथॉल कैचीने कडा कापत होता. कैची थांबली. आयव्हरचे कान इतके तापले की मॅगपायने टोचलं असतं तरी कळलं नसतं. त्याने एकदा पंपाकडे पाहिलं, एकदा ग्वेंडाकडे. ती मदतीला येणार नव्हती. मग तो कुंपणापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "ॲथॉल, वास माझा होता."

ॲथॉलने कैची खाली ठेवली. मग म्हणाला की त्याला ते पंधरा वर्षांपासून माहीत होतं, पण कसं सांगावं ते सुचत नव्हतं.

कप ॲथॉलला मिळाला. त्याने संध्याकाळी दोघांना जेवायला बोलावलं, मटण भाजलं, आणि कपाचा विषय एकदाही काढला नाही. आयव्हरला वाटलं, काढला असता तर बरं झालं असतं.

नवं झाकण बसवायला क्लॅरी सोमवारी यायचा तो बुधवारी आला. ड्रेनेज लाइनला जोडायची परवानगी यायला काही महिने लागणार होते, तोवर टाकीवरच भागवायचं होतं. आयव्हर खड्ड्याच्या कडेला बसून बघत होता. क्लॅरी घमेल्यातलं सिमेंट थापीने कडेकडेने भरत होता, एरवी कधी करत नाही इतक्या निगुतीने. सावलीतल्या गवताच्या गुंडाळ्या कडेने पिवळ्या पडू लागल्या होत्या. आयव्हरने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"क्लॅरी, एखादी फट राहिली तर? अगदी बारीक. म्हणजे हवा खेळायला."

क्लॅरीची थापी थांबली. तो विचार करू लागला, आणि त्याच्या विचाराला किती वेळ लागतो हे आयव्हरला आता चांगलं ठाऊक होतं. पण उत्तर खिडकीतून आलं.

"क्लॅरी," ग्वेंडा म्हणाली, "सिमेंट कमी पडत असेल तर सांग हं. मी कालवून देते."