मळवलीचा संशयी कॅप्टन

बबनभाऊंच्या दाराची कडी वाजवली की आतून आधी एकच प्रश्न येतो, "नंबर?"

मळवलीत राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी शेजारी म्हणून त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. नंबर माहीत नाही म्हटल्यावर दार उघडलं नाही. खिडकीतून एक चिठ्ठी बाहेर आली, तिच्यावर सत्तेचाळीस लिहिलेलं. ते मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा दार उघडलं. विरजण मिळालं, पण माझी वाटी आतून बाहेरून तपासून झाल्यावर.

भाऊंनी उभी हयात रेल्वेत गेटमन म्हणून काढली. फाटक बंद केलं असं स्टेशनमास्तरला नुसतं तोंडी सांगून तिथे भागत नाही. फोनवर दोन आकडी गुप्त नंबर द्यायचा, तो वहीत लिहायचा, तेव्हा कुठे ते बोलणं खरं. निवृत्त होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. भाऊ ही पद्धत घेऊन आले. घरात एकटेच असल्यामुळे त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

एवढंच असतं तर मी सोडून दिलं असतं. पण भाऊ अंतराळातही जातात.

निवृत्तीनंतर ते एका बंगल्याची राखण करत. बंगला विकताना मालकांनी त्यांना टीव्ही आणि व्हिडिओ गेमचं यंत्र देऊन टाकलं. फुकट दिलं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, म्हणून भाऊंनी महिनाभर त्यावर गोधडी टाकून ठेवली. मग एकदा लावून बघितलं आणि अडकले ते अडकलेच. त्यात आपण एका यानाचे कॅप्टन असतो, बरोबर साताठ साथीदार. ग्रहांवर उतरायचं, तिथल्या लोकांशी बोलायचं, वेळ पडली तर लढायचं. बोलताना पडद्यावर तीन उत्तरं येतात, त्यातलं आपण निवडू त्यावर पुढची गोष्ट ठरते. खेळाचे एकूण तीन भाग आहेत, आणि जो साथीदार जगेल तोच पुढच्या भागात येतो.

सगळा कारभार इंग्रजीत. मी कामशेतच्या शाळेत इंग्रजी शिकवते, तेव्हा दर रविवारी दुपारी मला बोलावणं येऊ लागलं. माझं काम एकच, समोरचा खोटं बोलतोय का ते सांगायचं.

यानाच्या डॉक्टरचं तोंड सरड्यासारखं. भाऊंनी त्याचं आडनावच सरडे ठेवलं होतं. तो एकदा भावुक होऊन काही बोलला. 'कॅप्टन, मी तुमच्याबरोबर कुठेही येईन' असं म्हणतोय, मी सांगितलं. भाऊ बराच वेळ त्याच्याकडे रोखून बघत राहिले.

"का पन?" त्यांनी मला विचारलं.

एकदा तर कहर झाला. एका बिघडलेल्या यानातून कोणी बाई दार उघडा म्हणून विनवत होती. पडद्यावर तीन उत्तरं आली, पण नंबर विचारायचं त्यात एकही नव्हतं. भाऊंनी एकही निवडलं नाही. आम्ही दोघं चहा पीत वीस मिनिटं तिची विनवणी ऐकत बसलो. शेवटी कळलं, ती आमचंच इंजिन दुरुस्त करायला निघालेली इंजिनीअर होती आणि तिला भाऊंनीच बोलावलं होतं. पुढे ती यानावर राहायला आली, पण भाऊंनी तिचं नाव ठकूबाई ठेवलं ते कायमचं.

हे तीन भाग गाजल्यावर त्याच नावाचे आणखी खेळ निघाले. एकात नुसती लढाई, एक मोबाइलवरचा पत्त्यांचा. मी हौसेने दाखवायला गेले तर भाऊंनी हातसुद्धा लावला नाही. कॅप्टन दुसरा, यान दुसरं, पाटी मात्र तीच, हे त्यांनी लोणावळ्यातल्या एकाच नावाच्या ढीगभर चिक्कीच्या दुकानांवरून ओळखलं होतं.

मला खटकायचं ते वेगळंच. कुठल्याही ग्रहावर उतरताना दोन साथीदार बरोबर नेता येतात. भाऊ एकटेच उतरायचे आणि यथेच्छ मार खायचे. विचारलं की म्हणायचे, "इस्वास न्हाई."

या जूनमध्ये माझी बदली तळेगावच्या शाळेत झाली. तिसऱ्या भागाचं शेवटचं दार तेव्हा भाऊंपुढे होतं. त्या दारातून दोघांना बरोबर घेतल्याशिवाय आत जाताच येत नाही, म्हणून गेले सहा महिने भाऊ तिथेच उभे होते. मी गेल्यावर यांना इंग्रजी कोण सांगणार? जाण्याआधीच्या रविवारी आज हा खेळ संपवायचाच असं ठरवून मी गेले.

सरडे आणि ठकूबाईला घ्या, मी म्हटलं. भाऊ यानात परत फिरले. एकेकाच्या खोलीत जाऊन त्यांनी मला अर्थ विचारला. सगळे एकच सांगत होते, आम्ही तयार आहोत.

"समदी हो म्हनायलाच बसल्यात," भाऊ म्हणाले. "म्हनून तर न्हेत न्हाई."

मला कळेना. मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातली एक खोली दाखवली.

"पैल्या भागात हितं एक म्हातारा व्हता, तोफंवरचा. मी म्हनलो चल, तो आला. आता खोली हाय, खाट हाय, मानूस न्हाई. संशय धरला की मानूस घरात ऱ्हातं, बाई."

त्यांनी टीव्ही बंद केला आणि तळेगावची चौकशी सुरू केली. घरमालक कोण, सामान नेणारा टेंपोवाला ओळखीचा आहे का, दाराला आतून साखळी आहे का. शेजारीण गोड बोलली तरी लगेच किल्ली देऊ नका. तुम्ही कुणालाही पटकन हो म्हणता.

एरवी मी हसले असते. पण मीही कित्येक वर्षं एकटीच राहते, आणि माझ्या दाराला साखळी आहे का हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"तुमची खोली बी रिकामीच की आता," आमच्या दोन घरांमधल्या भिंतीकडे बघत भाऊ म्हणाले.

दर रविवारी येईन, मी सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही कळलं नाही. मी मात्र जाते. ते शेवटचं दार अजून बंदच आहे, आणि सरडे, ठकूबाई सगळे आपापल्या खोलीत सुखरूप आहेत.