दुसऱ्या आवाजाची जागा

गाणे पूर्ण झाल्यावाचून कांदा विकायचा नाही, असे व्रत पाळणारा शेतकरी खोडदच्या पंचक्रोशीत एकच: आमचे शेजारी बबनभाऊ. भरलेल्या कांदाचाळीत आवाज घुमत नाही आणि चाळ रिकामी झाली की गाणे बिघडते, असा त्यांचा सिद्धान्त. यंदा कांद्यांना कोंब फुटले, तरी गाणे अपुरेच होते.

मला तोवर यातले काहीच ठाऊक नव्हते. एके सकाळी पूजेस बसलो असता चाळीतून आक्रोश ऐकू आला. कुणास विंचू चावला असावा, या समजुतीने मी सोवळ्यानेच धावलो. पाहतो तो बबनभाऊ गळ्यात गिटार अडकवून, कानांवर हेडफोन चढवून, कांद्यांच्या राशीसमोर डोळे मिटून उभे.

"ह्याला पॉवर पॉप म्हणत्यात, गुरुजी," ते म्हणाले. "चाल गोड पायजे, पण दणका पायजे."

त्यांनी लॅपटॉपवरून गाणे लावले. शब्द प्रेयसीच्या विनवणीचे, वादन लंकादहनाचे. याला शृंगार म्हणावे की रौद्र? आयुष्यभर साहित्यशास्त्र शिकवूनही निर्णय होईना. माझा पाय मात्र ताल धरू लागला होता. त्याचाही अर्थ लागेना.

"हे ऐकतं कोण?" मी विचारले.

त्यांनी शिवारापलीकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र तबकड्यांकडे बोट दाखवले. "त्यांना आभाळातलं बारीकसारीक बी ऐकू येतं म्हणं. माझं एवढं मोठं व्हतं, पण एक सायब फिरकला न्हाई."

गाण्यात अधूनमधून त्यांचा स्वर वर चढून थांबे, जणू कुणाच्या उत्तराची वाट पाहावी.

"तिथं दुसरा आवाज हाय. तुमी म्हणा की. मंत्रांनी गळा तयार हाय तुमचा."

देवाचे स्मरण करून मी गायलो. बबनभाऊंनी ते रेकॉर्ड केले, पुन्हा ऐकले, मान डोलावली आणि पुसून टाकले.

"माझं चुकलं का?"

"न्हाई, लई सुरात व्हतं." एका कांद्याचा कोंब मोडत ते म्हणाले, "वाटलं, तुमच्यावर भागंल. पण तिथं आमचा रामा गायचा. वाटणी झाल्यापासनं बोलत न्हाई. उद्या आला, आन् जागा भरल्याली दिसली तर?"

मी बाहेर पडलो. बांधापलीकडे त्यांचा तो धाकटा भाऊ, रामा, पाण्याची मोटर बंद करून चाळीकडे कान लावून बसला होता.

"गुरुजी," त्याने हलक्या आवाजात विचारले, "आज मधीच का थांबलं?"